माल आला, कारखाना आला नाही

पनवेल-रोहा मार्गावर आपट्याच्या अलीकडचे स्टेशन रसायनी. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना इथला. नायट्रोबेन्झीन, ॲनिलिन ही तिथली उत्पादने. रंग, औषधे आणि रबर उद्योगांचा हा कच्चा माल. जुने तंत्रज्ञान आणि बाहेरून येणारी स्वस्त रसायने यांच्या कात्रीत कारखाना सापडला. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इथले तोट्यातले विभाग बंद करून ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायचे ठरवले. अग्निबाणांना लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे गेला.

कारखाना खचत होता त्याच काळात जवळच्या न्हावा-शेवा बंदरातले कंटेनर वाढत होते. पळस्पे फाट्यावर थोडा वेळ उभे राहिले, तरी ट्रेलरची रांग संपत नाही. त्यातला बराच माल चीनचा: यंत्रे, मोबाइलचे सुटे भाग, सोलर पॅनेल, औषधांची मूळ रसायने. २००० साली भारत-चीन व्यापार सगळा मिळून जेमतेम तीन अब्ज डॉलरचा होता. २००१ च्या अखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि चित्र पालटले. २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि १४ अब्जांचा विकला. विकला तो प्रामुख्याने लोहखनिज, सूत, मासळी असा. तूट ९९ अब्जांची.

गुंतवणुकीची गोष्ट नेमकी उलटी. सप्टेंबर २०१४ मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग भारतात आले तेव्हा पाच वर्षांत २० अब्ज डॉलर आणण्याची भाषा झाली. गुजरातेत एक आणि महाराष्ट्रात एक औद्योगिक वसाहत ठरली. २००० पासून आजवर चीनमधून थेट आलेले भांडवल मात्र सुमारे अडीच अब्जांच्या घरातच राहिले. रांजणगावला हायर, चाकणला सॅनी अशी मोजकी चिनी नावे रुजली.

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ग्रेट वॉल मोटर्स घेणार होती. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने सीमेलगतच्या देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. तरी १५ जूनला महाराष्ट्राने ग्रेट वॉलसह तीन चिनी कंपन्यांशी ५,०२० कोटींचे करार केले. त्याच रात्री लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान हुतात्मा झाले. आठवड्याभरात करार थांबवले गेले. २०२२ मध्ये ग्रेट वॉलने नाद सोडला. पुढे तो कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने घेतला.

गलवाननंतर सावध होणे रास्तच होते. पण सावधगिरी भांडवलापुरती राहिली. आयात वाढतच गेली. कारखाना इथे आला असता तर तो आपल्या कायद्याखाली चालला असता, इथल्या हातांना काम आणि कसब मिळाले असते. कंटेनरमधून येतो तो फक्त माल, आणि पुरवठ्याची किल्ली तिकडेच राहते. दूरसंचार, बंदरे, संरक्षण ही क्षेत्रे बंदच ठेवावीत. सुटे भाग आणि मूळ रसायने यांसाठी मात्र भारतीय भागीदार आणि तंत्रज्ञान हस्तांतर यांच्या कडक अटींवर दार उघडावे. त्याच्या जोडीला रसायनीसारख्या पट्ट्यांत आपले स्वतःचे भांडवलही लावले पाहिजे. ते न करता नुसत्या बहिष्काराच्या घोषणांनी ही तूट एका डॉलरनेही कमी झालेली नाही.