गणरायापुढे 'शकुंतला' गाडी

गणेशोत्सवाच्या आराशीत आगगाडी मांडण्याची हौस जुनीच आहे. पुण्यात तर भाऊ जोशी यांच्या छंदातून १९९८ साली छोट्या रेल्वेचे संग्रहालयच उभे राहिले. मग ज्या केनवडास लोहमार्ग नाही, तेथील मुलांनी कोणती गाडी मांडावी? आपल्याच वाशीम जिल्ह्यातील कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' मांडावी.

तिच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर. ८७ पट लहान प्रतिकृतीत ते जेमतेम ९ मिलिमीटर भरते. साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरांचा होतो. फळीवर मातीच्या चिखलात बुडविलेले गोणपाट अंथरून चढउतार करावेत. वर काळी माती चाळून शेत, रंगविलेल्या भुशाचे गवत, पऱ्हाटीच्या काड्यांची झाडे. फलाटावर कापसाचे गाठोडे घेतलेली बाई. प्रत्येक आळीने आपली फळी आपल्या मनाप्रमाणे सजवावी. मात्र दोन्ही टोकांस रुळांची उंची व जागा सर्वांची एकच असावी. मध्ये स्वातंत्र्य, कडेला मर्यादा! एवढी पाळली की गाडी साऱ्या आळ्यांतून निर्वेध जाते.

१९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनाने ओढलेली ही गाडी आज थांबली आहे. कालिदासाच्या शकुंतलेस दुष्यंत विसरला. मुद्रिका दिसताच त्याची स्मृती जागी झाली. आपल्या शकुंतलेची मुद्रिका ही आरासच होय. डब्यात कोण बसत, स्थानकावर काय विकले जाई, हे मुलांनी वडीलधाऱ्यांस विचारावे. सांगणारे आहेत, तोवरच ती घडविली पाहिजे.