सोसायटीचं दुरुस्तीचं बिल पटत नाही? मग हे करा

पावसाळा सरला की शंकरनगर असो वा मोवा, रायपूरच्या अपार्टमेंटमध्ये दोन गोष्टी हमखास दिसतात: छतावर ओलीचे डाग आणि हातात दुरुस्तीचं बिल. समजा, तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहता. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि 'फायदा तुम्हालाच झाला ना?' असं म्हणत कमिटीने 18,500 रुपयांचं बिल तुमच्या एकट्याच्या नावावर टाकलं. भरायचं की भांडायचं? दोन्हींच्या आधी हे वाचा.

सामायिक काय, घरचं काय?

2016 चा रेरा कायदा गच्ची, जिने, लिफ्ट, पाण्याची टाकी आणि मोटार यांना सामायिक भागात धरतो. सामायिक भागाचा खर्च सगळ्यांचा, मग डाग कुणाच्याही छतावर पडो. मात्र तुमच्या बाथरूमचा पाइप फुटून खालच्यांच्या घरात पाणी झिरपत असेल, तर तो खर्च तुमचाच. इमारत जुनी असेल तर खरेदीखत आणि सोसायटीचे नियम काढून बघा.

पुण्याचा फॉरवर्ड इथे चालेल का?

पुण्या-मुंबईचे नातेवाईक महाराष्ट्राचे 'आदर्श उपविधी' प्रेमाने पाठवतात. त्यात गच्चीतून होणारी पावसाची गळती सोसायटीने दुरुस्त करावी, असं स्पष्ट आहे. पण ते नियम महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांचे. इथे बोलताना उदाहरण म्हणून जरूर द्या, कायदा म्हणून नको. तुमची सोसायटी कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे, ते नोंदणी प्रमाणपत्रावर बघा.

इमारत नवी आहे?

ताबा मिळून 5 वर्षं झाली नसतील तर आधी बिल्डरला गाठा. बांधकामातला दोष या मुदतीत लेखी कळवला, तर 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करून देणं रेराच्या कलम 14 नुसार बिल्डरवर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर छत्तीसगड रेराकडे तक्रार करता येते. अशा वेळी रहिवाशांनी आपसात भांडणं म्हणजे बिल्डरची सुटका करणं.

आक्षेप कागदावर हवा

ग्रुपवर संतापाचे मेसेज टाकून काही होत नाही. सेक्रेटरींना साधं पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. मजकूर असा चालेल:

'गच्ची सामायिक असल्याने संपूर्ण खर्च माझ्यावर टाकण्यास माझा आक्षेप आहे. कृपया कामाची कोटेशन्स, ठेकेदाराचं बिल आणि खर्चाला मंजुरी दिलेल्या सभेचं इतिवृत्त दाखवावं. हा विषय पुढच्या सभेत घ्यावा.'

सोबत गळतीचे तारीख दिसणारे फोटो जोडा. अनेकदा कागद मागितल्यावरच लक्षात येतं की ठराव झालाच नव्हता किंवा कोटेशन एकच घेतलं होतं.

मेंटेनन्स थांबवू नका

रागाच्या भरात महिन्याचा मेंटेनन्स बंद केला, तर थकबाकीदार तुम्हीच ठरता आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. नेहमीची रक्कम वेळेवर भरा. वादाची रक्कम भरावीच लागली, तर 'आक्षेप कायम ठेवून' असं लिहून भरा आणि पावती जपा.

तरी ऐकलं नाही तर?

सहकारी सोसायटी असेल तर राज्याच्या 1960 च्या सहकारी कायद्यातील कलम 64 खाली वाद पंजीयकांकडे, म्हणजे आपल्या भाषेत निबंधकांकडे नेता येतो. 1973 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालील समिती असेल तर फर्म्स आणि संस्था पंजीयकांचं कार्यालय गाठा. मोठी रक्कम असेल तर आधी वकिलांना कागद दाखवा.

आणि हो, पत्र देण्याआधी एकदा सेक्रेटरींना घरी चहाला बोलवा, ओल प्रत्यक्ष दाखवा. कमिटीतली मंडळी बहुतेक वेळा नोकरी-धंदा सांभाळून, बिनपगारी हे काम करतात. बिलाचा वाद महिन्या-दोन महिन्यांत मिटेल, पण रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली, तर दार याच शेजाऱ्यांचं वाजवायचं आहे. हक्क सोडू नका, बोलणंही सोडू नका.