तांब्याची नळी : आधी तापवा, मग वाकवा

वर्धा आणि पैनगंगा या नद्या यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहतात. त्यांच्या काठी, तसेच लहानमोठ्या नाल्यांवर, जेथे वीज पोहोचलेली नाही किंवा ऐन वेळी खंडित होते, तेथे ओलितासाठी डिझेल इंजिनाचाच आधार असतो. अशा इंजिनाच्या टाकीतून इंधन वाहून आणणारी तांब्याची बारीक नळी तडकली, तर पाळीचे पाणी चुकते आणि हाती आलेले पीक धोक्यात येते. कोकणातील यांत्रिक नौकेवर हाच बिघाड भर समुद्रात ओढवतो.

नळी का तडकते?

तांबे मूळचे मऊ असते; परंतु वाकविल्याने, ठोकल्याने वा इंजिनाच्या सततच्या कंपनाने ते कडक व ठिसूळ होत जाते. अशी नळी पुन्हा वाकविल्यास ती चेपते किंवा चिरते. मग चिंधी गुंडाळून अथवा साबण लावून वेळ निभावली जाते. पण चिरेतून डिझेल गळते किंवा हवा शिरून इंजिन बंद पडते.

यावरील उपाय तांबट कारागिरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. भांडे ठोकताना कडक झाले की ते पुन्हा भट्टीत घालतात. या क्रियेस 'अनुशीतन' म्हणतात. कार्यशाळेत 'ॲनीलिंग' हा शब्द रूढ आहे.

कृती

नळी इंजिनापासून सोडवून घ्यावी. तिच्यातील डिझेल पूर्णपणे काढून ती आतून कोरडी करावी. इंधनाचा अंश असताना तिला ज्योत कदापि लावू नये. नंतर सावलीत ब्लो लॅम्पने ती मंद लाल दिसेपर्यंत सर्वत्र सारखी तापवावी. तांबे सुमारे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून ज्योत एका जागी स्थिर ठेवू नये. पोलाद तापवून पाण्यात बुडविले की कडक होते. तांब्याचे तसे नाही. ते पाण्यात निवविले तरी मऊच राहते.

वाकविताना नळी चेपू नये म्हणून तीत पूर्ण कोरडी, बारीक वाळू ठासून भरावी व दोन्ही तोंडे बंद करावीत. गोल लाकडावर, हातानेच, सावकाश वळण द्यावे. नंतर वाळू आणि आतील काळी खपली पूर्णपणे काढावी. नळी बसविताना एखादा वेढा ठेवल्यास कंपन झेलले जाते. मात्र पंपापासून इंजेक्टरपर्यंतची उच्च दाबाची नळी पोलादीच असावी. तेथे तांब्याची नळी घालू नये.

शाळेत व गावात

शिक्षकांना हे तत्त्व तांब्याच्या जाड तारेवर सहज दाखविता येईल : वारंवार वाकविलेली तार कडक होते, तापविली की पुन्हा नरम पडते. पंचायतींनी हंगामापूर्वी जाणकार मेकॅनिककडून गावातच प्रात्यक्षिक घडवून आणल्यास, ऐन ओलिताच्या वेळी तालुक्याला खेटे घालण्याची पाळी शेतकऱ्यांवर येणार नाही.