तापमानावरून जमिनीची ओळख

प्रत्येक पृष्ठभाग आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकतो. २७ अंश सेल्सिअसच्या जमिनीतून निघणारे हे किरण १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतात. ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात कोरडी, निरभ्र हवा बरीच पारदर्शक असल्याने उपग्रहाला ते टिपता येतात.

तापमानावरून जमीन ओळखण्याच्या या तंत्राचा कस पाहण्यासाठी बीदर-कलबुर्गीइतका चांगला मुलूख क्वचितच सापडेल. बीदर शहर जांभ्याच्या पठारावर आहे, भोवती बेसाल्टवरची काळी जमीन पसरली आहे आणि दक्षिणेला भीमा खोऱ्यात शहाबादी फरशीची चुनखडी आहे.

लँडसॅट ८ हा उपग्रह २०१३ पासून सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास औष्णिक चित्र घेतो. एप्रिलमध्ये तूर आणि ज्वारी निघून काळे रान उघडे पडलेले असते. कोरड्या, भेगाळलेल्या मातीत उष्णता खोल उतरत नाही, म्हणून वरचा थर झपाट्याने तापतो आणि असे रान गावापेक्षाही उष्ण दिसू शकते. उलट कारंजा जलाशय आणि पाणी दिलेला ऊस, दोन्ही थंड दिसतात. एका वेळच्या तापमानावरून ‘उष्ण ते शहर, थंड ती शेती’ असे ठरवणारा नकाशा म्हणूनच फसतो.

उलगडा रात्री होतो. पाणी सावकाश निवते, कोरडी माती लगेच निवते, उघडा खडक या दोहोंच्या मध्ये राहतो. दिवसरात्रीच्या या फरकावरून जमीन ओळखण्यासाठीच नासाने १९७८ मध्ये एचसीएमएम हा छोटा उपग्रह सोडला. १९८० मध्ये त्याचे काम थांबले. आज त्याचे नाव फारसे घेतले जात नाही, पण या पद्धतीचा पाया भक्कम करण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

खडकाची जात मात्र तापमानापेक्षा उत्सर्जकतेतून, म्हणजे त्याच तापमानाच्या आदर्श पृष्ठभागाच्या तुलनेत तो किती किरण टाकतो यावरून, कळते. चुनखडीची उत्सर्जकता ११.३ मायक्रोमीटरजवळ घटते, क्वार्ट्झची ८ ते ९.५ मायक्रोमीटरच्या दरम्यान. १९९९ मध्ये टेरा उपग्रहावरून गेलेल्या ॲस्टर या जपानी उपकरणात ५ औष्णिक पट्टे असल्याने असा फरक टिपता येतो. त्यासाठी खडक उघडा हवा. पिकाखालचा दगड या किरणांत दिसत नाही.

मर्यादा आणखी दोन आहेत. पावसाळी ढग चित्र झाकतात. लँडसॅट ८ चा औष्णिक ठिपका १०० मीटरचा, म्हणजे एक हेक्टरचा असतो. त्यात बांध, विहीर आणि घर यांचे तापमान एकत्र मिसळते. त्यामुळे विश्वासार्ह वर्गीकरणासाठी एप्रिल आणि नोव्हेंबर, दिवस आणि रात्र अशी चित्रे दृश्य प्रकाशातील चित्रांशी जोडावी लागतात आणि निष्कर्ष प्रत्यक्ष शिवारात जाऊन पडताळावे लागतात.