रॉडाच्या दहा पेट्या

२६ ऑगस्ट १९१४, बुधवार. युरोपात महायुद्ध पेटून जेमतेम महिना झाला होता. कोलकात्याच्या कस्टम हाउसमधून त्या दिवशी आर. बी. रॉडा आणि कंपनीचा माल सुटला. रॉडा म्हणजे डलहौसी स्क्वेअरच्या परिसरातलं साहेब लोकांचं बंदुकांचं दुकान. माल सोडवून आणायचं काम कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र याच्याकडे होतं. मित्रमंडळी त्याला हाबू म्हणत. हाबूने २०२ पेट्या ताब्यात घेतल्या, त्यातल्या १९२ व्हॅन्सिटार्ट रोवरच्या गोदामात पोचत्या केल्या आणि उरलेल्या आणतो म्हणून जो गेला, तो परत आलाच नाही. दहा पेट्या बैलगाडीतून मलंगा लेनमध्ये गेल्या होत्या. गाडी हाकणारा हरिदास दत्त गाडीवानाच्या वेशातला क्रांतिकारक होता. कंपनीने तीन दिवस वाट पाहिली आणि मग पोलिसांत वर्दी दिली. हाबूचा पत्ता ब्रिटिशांना कधीच लागला नाही.

पेट्यांत ५० माउझर पिस्तुलं होती आणि ४६,००० काडतुसं. रिव्हॉल्व्हर चांगलं की सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, हा वाद आज शूटिंग रेंजवर आणि शस्त्रांच्या दुकानात तावातावाने चालतो. त्यात नळी, स्प्रिंग, गोळीचा वेग यांवर सगळा भर असतो. काडतूस कुठून येणार आणि हात किती सरावलेला आहे, हे कुणी फारसं विचारत नाही. माझ्या मते निकाल याच दोन गोष्टींवर लागतो, आणि कोलकात्याच्या इतिहासाइतका त्याचा सज्जड पुरावा दुसरीकडे मिळणं अवघड.

रॉडाच्या पेट्या हाती येईपर्यंत बंगालच्या क्रांतिकारकांचं मुख्य हत्यार होतं रिव्हॉल्व्हर. काही चंदननगरच्या फ्रेंच वसाहतीतून यायची, काही चोरून मिळायची, काही दुप्पट-तिप्पट दाम मोजून. ३१ ऑगस्ट १९०८ रोजी कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी अलीपूरच्या तुरुंगात अलीपूर बॉम्ब खटल्यातला माफीचा साक्षीदार नरेन गोसाईं याला गोळ्या घातल्या, त्या चोरून आत आणलेल्या दोन रिव्हॉल्व्हरांनीच. (त्याच अलीपूर खटल्यातल्या हेमचंद्र कानुनगोंनी पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या घेतली तेव्हा आपले सेनापती बापट त्यांच्या सोबत होते. बंगाल आणि महाराष्ट्राचे धागे त्या काळात असे गुंतलेले होते.)

तुरुंगातल्या त्या कामाला रिव्हॉल्व्हर का योग्य होतं, हे ते उघडून पाहिलं की कळतं. त्या काळचं वेब्ली घ्या. मुठीच्या वरची कळ दाबली की ते मधोमध मोडल्यासारखं उघडतं. समोर येतं सहा भोकांचं जाडजूड चक्र. प्रत्येक भोकात एक काडतूस, आणि त्याला मागे कड असल्यामुळे ते पुढे घसरत नाही. बंद करून चाप ओढला की तोच चाप चक्र एक घर फिरवतो, घोडा मागे नेतो आणि सोडतो. सगळी ताकद माणसाच्या बोटाची. एखादं काडतूस ओलसर निघालं, फुटलंच नाही, तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर नळीसमोर येतं. भरून ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये कुठलीच मोठी स्प्रिंग दबून राहिलेली नसते. त्यामुळे ते महिनोन् महिने तसंच पडून राहिलं तरी वेळेला दगा देण्याची भीती कमी. लपवून, पुरून ठेवलेली काडतुसं, बंगालचा पावसाळा आणि ज्याने आयुष्यात दहा गोळ्याही झाडलेल्या नाहीत असा विशीतला तरुण, हे सगळं एकत्र आलं की रिव्हॉल्व्हरसारखं हत्यार नाही.

पण खोट आहेच. सहा गोळ्या संपल्या की एकेक काडतूस पुन्हा भरायचं. चक्रामुळे पोट फुगलेलं, त्यामुळे कपड्याखाली उठून दिसतं. आणि ते बिघडत नाही हा समज अर्धाच खरा आहे. चक्राच्या मागच्या चांदणीखाली जळक्या दारूची कणी अडकली की चक्र अडतं आणि मग ते जागच्या जागी सुटत नाही. पिस्तूल अडकलं तर सराव असलेला माणूस दोन सेकंदांत मोकळं करतो. रिव्हॉल्व्हर अडलं की बहुधा कारागिराकडेच न्यावं लागतं.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची ओळख मराठी माणसाला रॉडाच्या पाच वर्षं आधीच झाली होती. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईला धाडली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, त्या त्यांतल्याच ब्राउनिंगमधून. ब्राउनिंगला चक्र नाही, काडतुसं मुठीच्या आत मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली, म्हणून हत्यार चपटं. चक्राची वीस धुडं त्या चोरकप्प्यात बसली असती असं मला वाटत नाही.

पिस्तुलाचं तत्त्व वेगळं आहे. पहिलं काडतूस हाताने नळीत चढवायचं. पुढचं सगळं काम स्फोटाचा धक्काच करतो. वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, परत येताना स्प्रिंग नवं काडतूस आत ढकलते. बोटाला फक्त घोडा सोडायचा असतो, म्हणून चाप हलका आणि नेम पक्का. मात्र दारू कमजोर झालेली असली तर धक्का अपुरा पडतो, पुंगळी अर्ध्यावर अडकते आणि गोळीबार थांबतो. पिस्तुलाला ताजी, एकसारखी, ठरलेल्या ताकदीची काडतुसंच लागतात.

आता रॉडाच्या पेट्यांकडे पुन्हा पाहा. घराघरांत लपवलेली रिव्हॉल्व्हरं वेगवेगळ्या बोअरची, एकाचं काडतूस दुसऱ्याला चालत नाही, अशी बंगालातली स्थिती होती. हाबूने एका दिवसात ५० हत्यारं एकाच बोअरची आणून दिली, आणि दर हत्यारामागे ९२० काडतुसं, कारखान्यातून थेट आलेली. त्या चोरीचं खरं धन ती काडतुसं होती. ती नसती तर माउझर हे सुंदर, महागडं लोखंड ठरलं असतं, कारण त्याचं ७.६३ मिलिमीटरचं काडतूस कुठल्या गल्लीत मिळणारं नव्हतं.

हत्यारही विलक्षण होतं. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्याने १८९६ मध्ये काढलेलं. मूठ केरसुणीच्या दांड्यासारखी गोल, मॅगझिन मुठीत नसून चापाच्या पुढे. दहा काडतुसं पत्र्याच्या पट्टीत ओवलेली असतात. ती पट्टी वरून खाचेत उभी करायची, अंगठ्याने काडतुसं एका दमात खाली दाबायची, पट्टी उपटून फेकायची, की दहा गोळ्या तयार. लाकडी पेटीवजा म्यान मुठीच्या मागे अडकवलं की खांद्याला लावायची छोटी रायफलच होते. गोळी साडेपाच ग्रॅमची, पण सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या पुढे धावणारी. वेब्लीची .४५५ ची गोळी १७ ग्रॅमची आणि वेग दोनशेच्या आत. चार हातांवरच्या माणसाला ती जड गोळी पाडते, पण शंभर पावलांवर माउझरपुढे तिचा पाड लागत नाही. चर्चिल १८९८ मध्ये सुदानमधल्या ओम्डरमनच्या घोडदळाच्या हल्ल्यात माउझर घेऊन उतरला, कारण मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना निखळलेल्या खांद्यामुळे त्याला तलवार भरवशाने चालवता येत नव्हती.

१९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात या चोरीचा सविस्तर हिशेब आहे. ४४ पिस्तुलं जवळपास लगेचच बंगालमधल्या नऊ गटांत वाटली गेली, त्यानंतर ५४ दरोडे, खून आणि तशा प्रयत्नांत ती वापरली गेली, आणि तोपर्यंत पोलिसांच्या हाती परत लागली फक्त ३१.

माउझरची खरी परीक्षा झाली ९ सप्टेंबर १९१५ रोजी, ओडिशात बालासोरजवळ बुडीबालम नदीच्या काठी. जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, आणि त्यांचे चार साथीदार एका उंचवट्याआड होते. समोर रायफलधारी पोलीस, सोबत कोलकात्याहून आलेला पोलीस अधिकारी चार्ल्स टेगार्ट. पाच जणांनी सव्वा तासाच्या आसपास झुंज दिली. रिव्हॉल्व्हरांनी ती पंधरा मिनिटंही चालली नसती, हे मी खात्रीने म्हणतो. तेवढ्या अंतरावर रिव्हॉल्व्हरचा नेमच लागत नाही. चित्तप्रिय रायचौधुरी तिथेच पडले, जतीन दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेले, मनोरंजन सेनगुप्त आणि नीरेन दासगुप्त फाशी गेले, ज्योतिष पाल काळ्या पाण्यावर. पिस्तुलाने त्यांना साथ दिली होती. पण खांद्याला लावलं तरी पिस्तूल ते पिस्तूलच. रायफलचा पल्ला आणि मागून येणारी कुमक यांच्यापुढे ते कुठवर पुरणार?

रिव्हॉल्व्हरचा कच्चा दुवा कोलकात्यातच १७ वर्षांनी दिसला. ६ फेब्रुवारी १९३२, कलकत्ता विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. बीना दास या तरुणीने भाषण करत असलेले गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन (एके काळचे इंग्लंडचे क्रिकेट कप्तान) यांच्यावर पाच गोळ्या झाडल्या. एकही वर्मी लागली नाही. तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. तिच्या धैर्याला इथे प्रश्नच नाही. घोडा आधी न चढवता रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला बोटाला चार-पाच किलोचा जोर लावावा लागतो, आणि त्या जोराने नळीचं तोंड हलतं. हे टाळायला शेकडो गोळ्यांचा सराव लागतो. छुप्या चळवळीतल्या मुलीला तो कुठे मिळणार?

पोलिसांची गोष्ट उलटी. त्यांना काडतुसं सरकारी, सराव सक्तीचा. तरी जगभरातले पोलीस कित्येक दशकं रिव्हॉल्व्हरलाच चिकटून राहिले, आणि ते सुटायला रक्त सांडावं लागलं. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. जखमी हाताने रिव्हॉल्व्हर पुन्हा भरणं किती कठीण असतं ते तिथे दिसलं, आणि एफबीआय पिस्तुलांकडे वळली. चकमक संपवणाऱ्या शेवटच्या गोळ्या मात्र एडमुंडो मिरेलेस या जखमी अधिकाऱ्याने रिव्हॉल्व्हरमधूनच झाडल्या, हेही नोंदवायला हवं.

आज कोलकात्याच्या उत्तरेला इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवरचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल तयार होतं, १३ गोळ्यांचं, सैन्य-पोलिसांसाठी. परवानाधारक नागरिकाला ९ मिलिमीटर निषिद्ध. त्याच्या वाट्याला .३२ बोअर येतं, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून आणलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. मला ती कल्पना चुकीची वाटते. हत्यार हलकं तितका धक्का हाताला जास्त, आणि चापाचा जोर काही कमी होत नाही. परवान्यावर काडतुसं ठरावीकच मिळतात, रेंज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे बहुतेकांचं हत्यार वर्षानुवर्षं कपाटात पडून असतं. अशा माणसाने पिस्तूल घेऊ नये. कुलूप पक्कं असावं आणि आत कानपूरचं जुन्या घडणीचं, हाताला जड लागणारं रिव्हॉल्व्हर असावं.