वैद्यकीय प्रवेशअर्ज आणि बारावीची गुणपत्रिका

रुग्णांसोबत येणारी मंडळी औषधोपचाराखेरीज आणखी एक विचारणा आमच्याकडे करीत असतात : मुलामुलींच्या वैद्यकीय प्रवेशअर्जात बारावीचा तपशील कसा लिहावा? बुलढाण्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून ही विचारणा वाढली आहे, म्हणून येथे थोडे लिहीत आहोत.

गुणानुक्रम 'नीट' परीक्षेवर ठरतो, हे सर्वज्ञात आहे. तथापि पात्रतेसाठी बारावीची गुणपत्रिकाही पाहिली जाते, आणि तीत एकूण टक्केवारीचा उपयोग नाही. इंग्रजीत उत्तीर्ण होऊन भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून ३०० पैकी खुल्या प्रवर्गास १५०, तर मागासवर्गीयांस १२० गुण लागतात. भाषा व गणिताच्या बळावर एकूण ६० टक्के मिळवूनही या तिन्हींत १४५ वर अडलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास 'नीट'चे उत्तम गुणही तारू शकत नाहीत. म्हणून या विषयांचे गुण अर्जात जसेच्या तसे लिहावेत. अंदाजाने वा पूर्णांक करून लिहू नयेत.

मंडळाच्या रकान्यात नुसते 'अमरावती' लिहिणे अपुरे होय. अमरावती हे विभागीय मंडळ. नाव महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे लिहावे.

गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम येते, आधारपत्रावर बहुधा शेवटी. या क्रमभेदापेक्षा अक्षरांतील तफावत अधिक त्रासदायक. तिची दुरुस्ती कनिष्ठ महाविद्यालयामार्फत विभागीय मंडळाकडे करावी लागते, आणि प्रवेशफेरीच्या धावपळीत ती होणे कठीण. निकाल हाती येताच नाव व आईचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहावे, अशी पालकांस विनंती आहे.