पहिलं बोन्साय: भिंतीतल्या वडापासून सुरुवात

कोल्हापुरात जुन्या वाड्याच्या भिंतीत, गच्चीच्या कठड्यात वड-पिंपळाची रोपं आपसूक उगवतात. पाखरं फळं खातात, विष्ठेतून बी पडतं आणि चिमूटभर मातीवर झाड वर्षानुवर्षं तग धरतं. नवख्या माणसानं बोन्सायसाठी पहिलं झाड हेच घ्यावं.

‘बोन’ म्हणजे उथळ भांडं, ‘साय’ म्हणजे लावणी. जपानी शब्द ऐकला की अनेकांचं मन जुनिपर किंवा जपानी मेपलवर जातं. दिसतात फार देखणे, पण या झाडांना हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. ती कोल्हापुरात मिळत नाही. वड, उंबर, नांदरुक मात्र इथलेच. फांदी छाटली की पांढरा चीक ठिबकतो, थोड्या वेळात सुकतो आणि काही आठवड्यांत कापाखालून नवे कोंब फुटतात. छाटणीची भीती घालवायला याहून चांगला गुरू नाही.

पाणी घालायला विसरणाऱ्यांनी जेड घ्यावं. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. जाड पानांवर सुरकुत्या पडल्या की समजायचं, तहान लागली. पावसाळ्यात मात्र ते वळचणीखाली हलवायलाच हवं, नाहीतर मुळं कुजतात.

नर्सरीत पानं पाहू नयेत, बुंधा पाहावा. तळाशी जाड, वर निमुळता आणि मुळं चहूबाजूंनी पसरलेली, असं रोप निवडावं. काळी चिकण माती एकटी वापरू नये. विटांचे बारीक तुकडे मिसळावेत. कुंडीबदल दोन-तीन वर्षांनी, पावसाच्या तोंडावर.